सगळं ‘लो’ करूनही गेम अडखळतो? आधी पाणी कुठे मुरतंय ते बघू

विचारणारा मुलगा बार्शीचा, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘दादा, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आहे, आय३-१०१००एफ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ७५ हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर. जीटीए ५ मध्ये सगळं खाली आणलंय, कोपऱ्यात ७०-८० एफपीएस दिसतात, तरी गाडी पळवताना मध्येच झटका बसतो. रेड डेड २ आणि सायबरपंकचं तर विचारूच नका. यूट्यूबवर याच कार्डावर सगळं मस्त चालतं. हे कार्ड विकून आरएक्स ६५०० एक्सटी घेऊ का?’ मी उलट चार प्रश्न विचारले तेव्हा आणखी कळलं ते असं: विंडोज २५६ जीबीच्या एसएसडीवर, गेम सगळे १ टीबीच्या जुन्या हार्ड डिस्कवर, बोर्ड एच४१० चा, आणि रॅमची पट्टी एकच.

तुझ्या प्रश्नात दोन वेगळी दुखणी एकमेकांत मिसळली आहेत. ‘एफपीएस कमी पडतात’, म्हणजे सेकंदाला चित्रं कमी येतात, हे एक आणि ‘झटके बसतात’ हे दुसरं. तुला त्रास आहे दुसऱ्याचा आणि गोळ्या तू पहिल्याच्या घेतोयस. सगळं लो करणं हा एफपीएस वाढवायचा उपाय आहे. जीटीएमध्ये ते तुला मुळातच कमी नाहीत.

कोपऱ्यातला ७० हा आकडा सरासरीचा असतो. सेकंदाला ७० चित्रं आली, पण ती सारख्या अंतराने आली का, हे तो सांगत नाही. समज, ६९ चित्रं दर साडेअकरा मिलिसेकंदाला एक अशी छान आली आणि सत्तरावं यायला २०० मिलिसेकंद लागले. बेरीज जवळजवळ एक सेकंद होते, कोपऱ्यात ७० च दिसतात, आणि तुझी गाडी मात्र खांबावर. डोळ्याला ते २०० मिलिसेकंद दिसतात, आकड्याला दिसत नाहीत. त्यामुळे एफपीएसचा आकडा सध्या बाजूला ठेव आणि फ्रेम टाइम बघ, म्हणजे एकेक चित्र यायला किती वेळ लागला ते.

एमएसआय आफ्टरबर्नर फुकट आहे, कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं. त्याच्यासोबत रिवाट्यूनर येतं, तेही टाक. मॉनिटरिंगच्या यादीतून पाच गोष्टी स्क्रीनवर आण: जीपीयूचा (कार्डाच्या गाभ्याचा) वापर, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) किती भरली, प्रोसेसरचा प्रत्येक थ्रेड (कामाची एकेक रांग) वेगवेगळा, रॅम किती भरली, आणि फ्रेम टाइम. शेवटचा आकडा म्हणून नको, आलेख म्हणून घे. रेघ सरळ धावली तर ठीक. शांत रेघेतून मध्येच सुळका वर गेला, की त्या क्षणी बाकीचे चार आकडे काय म्हणतात ते वाच. झटक्याचं मूळ तिथंच सापडतं.

प्रोसेसरचा एकूण वापर बघून मात्र फसू नकोस. तुझ्या आय३ ला ४ कोअर आणि ८ थ्रेड आहेत. गेमचा मुख्य थ्रेड एकटाच पूर्ण भरला तरी एकूण वापरात तो फक्त साडेबारा टक्के दिसतो. ‘प्रोसेसर तर ५० टक्केच चाललाय’ म्हणणारे बरेच जण इथं चकतात. म्हणून थ्रेड वेगवेगळे बघायचे.

आता तुझ्या मशीनमध्ये काय होत असावं. मी समोर बसलेलो नाही, त्यामुळे छातीठोकपणे सांगत नाही. पण ४ जीबीचं कार्ड, ८ जीबीची एकच पट्टी आणि गेम हार्ड डिस्कवर हे त्रिकूट माझ्या दुकानातल्या टेबलावर इतक्यांदा आलं आहे की अंदाज बहुधा चुकणार नाही.

स्वयंपाकघर डोळ्यासमोर आण. कार्डाची व्हीरॅम म्हणजे ओटा. हात लांबवला की वस्तू मिळते. रॅम म्हणजे मागची कोठीची खोली, आणि हार्ड डिस्क म्हणजे गल्लीच्या टोकाचं किराणा दुकान. तुझ्या १६५० ची मेमरी जीडीडीआर५ असेल तर ओट्यावरून सेकंदाला १२८ जीबी उचलता येतात. (२०२० मध्ये याच नावाने जीडीडीआर६ चं कार्डही आलं, त्यात १९२. तुझं कोणतं ते जीपीयू-झेड या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये मेमरी टाइपपुढे दिसेल.) ओटा भरला की जास्तीचं सामान कोठीत जातं. कोठीकडे जायचा रस्ता म्हणजे कार्डाचा स्लॉट, त्यातून जास्तीत जास्त सेकंदाला १६ जीबीच्या आसपास येतं. वेग तिथंच आठपट पडला. त्यात तुझ्या रॅमची एकच पट्टी, २६६६ ची धरली तर सेकंदाला २१ जीबी, आणि तीही प्रोसेसरबरोबर वाटून घ्यायची. आणि ८ जीबीची कोठी विंडोज, ब्राउझर आणि गेम मिळून गच्च भरली की सामान दुकानात जातं. हार्ड डिस्क सेकंदाला शे-दीडशे एमबी देईल, तेही फाइल सलग असली तर. आलेखातला सुळका म्हणजे कोणीतरी पिशवी घेऊन दुकानात गेलंय.

गेल्या उन्हाळ्यात इचलकरंजीचा एक पोरगा अख्खा सीपीयू मांडीवर घेऊन एसटीने कोल्हापूरला आला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, कार्ड गेलंय, बदलावं लागेल. मशीन जवळपास तुझ्यासारखंच. जीटीए लावलं, शहरातून उत्तरेकडे वाळवंटाच्या रस्त्याला गाडी घातली आणि दुसऱ्या स्क्रीनवर टास्क मॅनेजर उघडा ठेवला. डेडिकेटेड जीपीयू मेमरी ३.८ वर टेकली आणि तिथंच थांबली. खाली शेअर्ड मेमरी मात्र चढत चालली होती. रॅम ७.६ जीबी. डिस्क १०० टक्के. कार्ड बिचारं ६० टक्क्यांवर वाट बघत होतं. मागे ब्राउझर उघडा होता, तेवीस टॅब, त्यातला एक गाणी वाजवत होता. ब्राउझर बंद केला तसे सुळके निम्म्यावर आले. दुसऱ्या एका मशीनची ८ जीबीची पट्टी काढून याच्यात बसवली, गेम त्याच्या एसएसडीवर हलवला, आणि एकही ग्राफिक्स सेटिंग न बदलता रेघ जवळजवळ सपाट झाली. पोरगा म्हणाला, ‘म्हणजे कार्ड चांगलंय?’ कार्डाला काही झालेलंच नव्हतं.

तेव्हा तुझं पहिलं काम सेटिंगच्या बाहेरचं आहे. ८ जीबीची दुसरी डीडीआर४ पट्टी टाक, आहे तिच्याच वेगाची. तुझ्या बोर्डावर रॅमचे दोन स्लॉट आहेत, दोन्ही भरले की ड्युअल चॅनल आपोआप सुरू होतं आणि रॅमचा वेग कागदावर दुप्पट होतो. ३२०० ची महाग पट्टी घेण्यात अर्थ नाही. तुझा प्रोसेसर आणि एच४१० बोर्ड तिला २६६६ वरच चालवणार. पट्टी बसवल्यावर सीपीयू-झेडच्या मेमरी पानावर दोन चॅनल दिसतात का ते बघ. पट्टी नीट दाबली गेली नाही म्हणून ‘रॅम टाकून काही फरक नाही’ म्हणत परत आलेले लोक मी पाहिलेत.

दुसरं, जो गेम सध्या खेळतोयस तो एसएसडीवर घे. तुझ्या २५६ जीबीत सगळे मावणार नाहीत. रेड डेड २ एकटाच १५० जीबी मागतो. त्यामुळे एका वेळी एक. पुढे पैसे झाले की साध्या साटा एसएसडीनेही काम भागतं, गेमसाठी महागड्या, जास्त वेगवान एनव्हीएमई एसएसडीचा हट्ट नको. हे दोन्ही होईपर्यंत खालचं सगळं वरवरचं मलम आहे, हे लक्षात ठेवून वाच.

आता सेटिंगकडे. सेटिंगच्या पानावर तीसेक पर्याय दिसतात, पण आपल्या कामापुरते ते तीन गटांत पडतात, कारण प्रत्येक पर्याय तिघांपैकी कुणाच्या तरी खिशातून पैसे काढतो. टेक्सचर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेली चित्रं, यांचा भार पडतो व्हीरॅमवर. गर्दी, रहदारी, किती लांबपर्यंतचं दिसावं, फिजिक्स यांचा भार प्रोसेसरवर. रिझोल्यूशन, धुकं, प्रतिबिंबं, अँटी-अलायझिंग (कडांचे दाते गुळगुळीत करणं), कोपऱ्यातली बारीक सावली ज्याला अँबियंट ऑक्लूजन म्हणतात, हे सगळं कार्डाच्या गाभ्यावर. शॅडो हा एकच पर्याय असा आहे की तो तिघांच्याही खिशात हात घालतो. म्हणून काहीच कळत नसेल तेव्हा सर्वांत आधी शॅडो एक पायरी खाली आणावा.

यातून ‘सगळं लो’मध्ये चूक कुठे होते ते दिसेल. कार्डाचं काम कमी केलंस की कार्ड लवकर मोकळं होतं आणि प्रोसेसरकडे पुढचं चित्र मागतं. १०० एफपीएस मिळू लागले तर प्रोसेसरला सेकंदाला १०० वेळा रस्ता, गाड्या, माणसं यांचा हिशेब करावा लागतो. चार कोअरचा आय३ तिथं धापा टाकतो, आणि त्यातच गेमला मागे डिस्कवरून नवा रस्ता आणायचा असतो. म्हणजे चित्र कुरूप केलंस आणि झटके वाढवून घेतलेस. या कार्डावर माझा नियम उलटा आहे: कार्डाला पोटभर काम द्यायचं आणि प्रोसेसरला श्वास घ्यायला जागा ठेवायची.

कोण थकलंय हे ओळखायची चाचणी दोन मिनिटांची आहे. फ्रेमची मर्यादा आणि व्हीसिंक (चित्रं मॉनिटरच्या गतीशी बांधणारा पर्याय) काढून टाक, गेममध्ये एका ठिकाणी उभा राहा, एफपीएस लिहून ठेव. मग रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आण. पिक्सेल २०,७३,६०० वरून ९,२१,६०० होतात, निम्म्याहूनही कमी. एफपीएस भरपूर वाढले तर कार्ड थकलेलं होतं. जागचे हलले नाहीत तर प्रोसेसर. सरासरी आधीपासूनच चांगली होती आणि सुळके तसेच राहिले, तर मेमरी किंवा डिस्क. फक्त ही चाचणी गेम सुरू केल्याकेल्या करू नकोस. नवीन ड्रायव्हर टाकल्यावर किंवा गेमला अपडेट आल्यावर सुरुवातीचा काही वेळ शेडर (चित्रातला प्रकाश-रंग ठरवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात आणि तेव्हा चांगल्या मशीनवरही झटके बसतात. पंधरा मिनिटं खेळ, मग मोज. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये शेडर कॅशे साइज १० जीबी करून ठेवलीस तर तेच शेडर पुन्हा पुन्हा करावे लागत नाहीत.

टेक्सचरबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण सगळे ते पहिल्यांदा कमी करतात. टेक्सचर व्हीरॅममध्ये मावत असतील तर त्यांनी एफपीएसवर जवळजवळ काही फरक पडत नाही. मावत नसतील तर सगळं बिघडतं. मधली स्थिती नसतेच. त्यामुळे व्हीरॅमचा आकडा साडेतीन जीबीच्या आत राहील इतक्या वर ठेवायचं आणि थांबायचं. पूर्ण चार मोजायचे नाहीत, डेस्कटॉप, ब्राउझर, डिस्कॉर्ड यांनाही थोडी जागा लागते. अॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग मात्र बिनधास्त १६ वर ठेव. लांबचा रस्ता पुसट दिसायचा थांबतो आणि कार्डाला ते फारसं जाणवत नाही.

जीटीए ५ चं बघू, जुन्या लेगसी आवृत्तीचं. या गेममध्ये ‘लो’ असं काही नाहीच, सर्वांत खालची पायरी ‘नॉर्मल’. सेटिंगच्या पानावर व्हीरॅमची पट्टी दिसते, तिच्यावर नजर ठेवून टेक्सचर हाय कर. एमएसएए (अँटी-अलायझिंगचा जड प्रकार) बंद, रिफ्लेक्शन एमएसएए बंद, त्याऐवजी एफएक्सएए (हलका प्रकार) चालू. एमएसएए हा या कार्डाचा सर्वांत मोठा शत्रू आहे, २ एक्सही नको. ग्रास क्वालिटी नॉर्मलवर. शहरात असताना गवताने काही बिघडत नाही, म्हणून लोक ते वर ठेवतात आणि मग गाडी डोंगराकडे वळली की एफपीएस धाडकन पडतात. शॅडो हाय, सॉफ्ट शॅडो ‘सॉफ्ट’वर. पोस्ट एफएक्स नॉर्मल किंवा हाय. शेडर क्वालिटी हाय, ती नॉर्मल केली की रस्ता प्लास्टिकचा वाटायला लागतो. पॉप्युलेशन डेन्सिटी आणि व्हरायटी अर्ध्यावर आण. डेन्सिटी प्रोसेसरला खाते आणि व्हरायटी व्हीरॅमला, कारण गाड्यांचे आणि माणसांचे जितके प्रकार तितकी वेगळी टेक्सचर. अॅडव्हान्स्ड ग्राफिक्सचं पूर्ण पान बंद. गेममध्येच बेंचमार्क आहे, प्रत्येक बदलानंतर तोच चालव म्हणजे तुलना खरी होते. आणि एका वेळी एकच बदल. पाच गोष्टी एकदम बदलल्यास कशाने फरक पडला ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

रेड डेड २ चं गणित वेगळं आहे. हा नोव्हेंबर २०१९ मध्ये पीसीवर आला तेव्हा मोठमोठी कार्डं याने रडवली. इथं ६० चा नाद सोड. नीट लावला तर तुझ्या कार्डावर तिशी-चाळिशीच्या मध्ये चालतो, आणि हा घोड्यावरून सावकाश फिरायचा खेळ आहे, ३० स्थिर असले तरी मन रमतं. टेक्सचर अल्ट्राच्या खाली आणलेस की जमीन आणि कपडे चिखलासारखे दिसतात, म्हणून बाकी सगळं कापून मी टेक्सचर शक्य तितके वर ठेवतो. वॉटर फिजिक्सची सरकपट्टी एक चतुर्थांशाच्या पुढे नेऊ नकोस. नदीकाठी आल्यावर एफपीएस का पडतात याचं उत्तर तिथं आहे. व्हॉल्युमेट्रिकचे (धुकं, ढग यांचे) सगळे पर्याय लो किंवा मीडियम, पाण्यातली प्रतिबिंबं लो, ट्री टेसलेशन बंद, एमएसएए बंद, टीएए (हाही अँटी-अलायझिंगचाच प्रकार) मीडियम. सकाळच्या धुक्याचं सौंदर्य थोडं जाईल, इलाज नाही.

सायबरपंक २०७७ बद्दल आधीच स्पष्ट सांगतो, म्हणजे अपेक्षाभंग नको. २०२३ मध्ये या गेमची किमान गरज बदलली: ६ जीबीचं जीटीएक्स १०६०, १२ जीबी रॅम आणि एसएसडी. तुझं मशीन सध्या या तिन्हींच्या खाली आहे. तरीही १६ जीबी रॅम आणि एसएसडी झाल्यावर तो खेळण्याजोगा होतो. स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन बंद किंवा लो, व्हॉल्युमेट्रिक फॉग लो, कॅस्केडेड शॅडो रिझोल्यूशन लो, टेक्सचर मीडियम (हे गेमच्या आतून बदलत नाही, मुख्य मेन्यूतून बदलावं लागतं). गर्दीचा पर्याय क्राउड डेन्सिटी म्हणून असतो, ग्राफिक्सच्या पानावर दिसला नाही तर गेमप्लेच्या पानावर शोध. तो लो कर, बाजारपेठेत प्रोसेसर तिथंच गुदमरतो. हार्ड डिस्कवरूनच खेळायची वेळ आली तर गेमप्लेच्या पानावरचा एचडीडी मोड चालू ठेव.

आता एफएसआर. तुझ्या कार्डात एआयचं गणित करणारे टेन्सर कोअर नाहीत, त्यामुळे लहान चित्र मोठं करून दाखवणारं एनव्हिडियाचं डीएलएसएस मिळणार नाही. एएमडीचं एफएसआर मात्र चालतं, रेड डेडमध्ये २०२२ पासून आहे, सायबरपंकमध्येही आहे. ते गेम लहान रिझोल्यूशनवर काढून मोठं करून दाखवतं. फुल एचडीवर क्वालिटी निवडलंस तर आतून १२८० बाय ७२० चाललेलं असतं. परफॉर्मन्स निवडलंस तर ९६० बाय ५४०, आणि ते मी कुणालाच सुचवत नाही. तारा, जाळ्या, केस सगळं थरथरतं. एवढ्या खाली जाण्याची वेळ येत असेल तर एफएसआर क्वालिटीवर ठेवून फ्रेमची अपेक्षा कमी करणं बरं. जीटीएच्या जुन्या आवृत्तीत हा पर्याय नाही, पण तिथं त्याची गरजही नाही. इंटेलचं एक्सईएसएस तुझ्या कार्डावर चालेल, फक्त ते स्वतःच थोडं जड पडतं. दोन्ही लावून बघ आणि डोळ्याला आवडेल ते ठेव, इथं आवडीनिवडीचा प्रश्न येतो.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण तुझ्या अर्ध्या तक्रारीचं कारण ती असू शकते. मॉनिटर ७५ हर्ट्झचा आहे आणि तू कुठंतरी वाचून गेम ६० वर बांधलास तर? मॉनिटर सेकंदाला ७५ वेळा चित्र बदलतो, त्याला द्यायला चित्रं ६०. म्हणजे दर चार चित्रांमागे एक चित्र दोनदा दाखवावं लागतं. फ्रेम टाइमची रेघ एकदम सपाट, आणि कॅमेरा फिरवला की तरी काहीतरी लटपटतंय असं वाटतं. गिऱ्हाईक म्हणतं अडखळतंय, आलेख म्हणतो ठीक आहे, आणि दोघंही खरं बोलत असतात. उपाय सोपा आहे. जीटीएसारखा गेम ७५ वर बांध, आणि त्याला ७५ सतत झेपत नसेल तर विंडोजमधून मॉनिटरच ६० हर्ट्झवर आणून गेम ६० वर बांध. रेड डेडला मॉनिटर ६० वर, गेम ३० वर, म्हणजे प्रत्येक चित्र बरोबर दोनदा दिसतं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलच्या व्हीसिंकमध्ये ‘अॅडाप्टिव्ह (हाफ रिफ्रेश रेट)’ नावाचा पर्याय यासाठीच आहे. बांधायचं काम रिवाट्यूनरकडून करून घे, बऱ्याच गेमच्या स्वतःच्या मर्यादेपेक्षा ते जास्त नेटकं बांधतं.

मॉनिटर फ्रीसिंकचा (गेमच्या चित्रांप्रमाणे स्वतःची गती बदलणारा) असेल आणि त्याला डिस्प्लेपोर्ट असेल, तर ती केबल लाव आणि जी-सिंक कंपॅटिबल चालू कर. एचडीएमआयवर तुझ्या कार्डाला हे बहुतेक मिळत नाही. ७५ हर्ट्झच्या स्वस्त मॉनिटरची फ्रीसिंकची कक्षा साधारण ४८ ते ७५ असते, त्यामुळे जीटीएला त्याचा मोठा फायदा, तिशीत चालणाऱ्या रेड डेडला शून्य.

उन्हाचं काही बोललो नाही तर दुकानदार म्हणवून घेण्यात अर्थ नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापूरकडे बंद खोलीत दुपारी खेळलास तर कार्ड तापतं, आणि ८० च्या पुढे गेलं की स्वतःच घड्याळ खाली आणतं. ‘सुरुवातीला चांगला चालतो, अर्ध्या तासाने लॅग मारतो’ ही तक्रार आली की मी आधी कॅबिनेटची बाजू उघडतो. ब्लोअर मार, पण मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेव. वाऱ्याने पंखा भिंगरीसारखा पळाला की त्याचं बेअरिंग जातं. कॅबिनेट टेबलाखालच्या बंद कप्प्यातून बाहेर काढ.

आणि यूट्यूबचे ते व्हिडिओ. कार्ड तेच असतं, पण खालची बारीक अक्षरं वाच. प्रोसेसर सहा-आठ कोअरचा, रॅम १६ जीबी दोन पट्ट्यांत, गेम एनव्हीएमईवर. ते कार्डाची परीक्षा घेत असतात, म्हणून बाकी सगळं मुद्दाम ताकदवान ठेवतात. त्यात खोटेपणा नाही, फक्त ते तुझं मशीन नाही. ‘एका क्लिकमध्ये एफपीएस दुप्पट’ करणारी सॉफ्टवेअर आणि रजिस्ट्रीच्या फाइली मात्र डाउनलोडसुद्धा करू नकोस. त्या टाकलेल्या मशीनवर विंडोज नव्याने घालण्यात माझ्या कित्येक संध्याकाळी गेल्या आहेत.

इथपर्यंतचा क्रम एकदा जुळवून घे: आधी आलेख लावून सुळक्याच्या क्षणी काय भरलंय ते बघणं, मग दुसरी पट्टी आणि एसएसडी, मग टेक्सचर व्हीरॅमच्या मापाने, बाकी जड गोष्टी खाली, आणि शेवटी मॉनिटरशी जुळेल असा फ्रेमचा बांध.

राहिला आरएक्स ६५०० एक्सटी. नको. जानेवारी २०२२ मध्ये आलेलं हे कार्ड गाभ्याने १६५० पेक्षा नक्की दणकट आहे, पण तुझा रोग तो बरा करत नाही. मेमरी तीच, ४ जीबी. म्हणजे ओटा तेवढाच राहणार. वर त्याला स्लॉटमधल्या सोळा लेनपैकी (डेटा जायच्या वाटांपैकी) चारच लेन वापरता येतात. ते बनवलंय पीसीआय एक्स्प्रेस ४.० साठी, तिथं चार लेन कशाबशा पुरतात. तुझा दहाव्या पिढीचा प्रोसेसर ३.० चा, तिथं त्या चार लेनमधून सेकंदाला जेमतेम ४ जीबी जातात. आजच्या १६५० ला कोठीकडे जायला सोळा लेनचा हायवे आहे, त्याऐवजी तू बोळ विकत घेशील. व्हीरॅम भरली की झटके आत्तापेक्षा वाईट बसतील. शिवाय त्याला बहुतेक वेळा सहा पिनची वेगळी केबल लागते. तुझं १६५० बहुधा स्लॉटमधल्या ७५ वॅटवरच चालतंय. आणि ६५०० एक्सटीमध्ये रेकॉर्डिंगसाठी लागणारा हार्डवेअर एन्कोडरही नाही, उद्या स्ट्रीमिंग करावंसं वाटलं तर तेही प्रोसेसरच्या डोक्यावर बसेल.

कधीतरी कार्ड बदलशीलच, कारण काही गेमना सेटिंगने उत्तर नाही. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल किंवा डूम: द डार्क एजेस यांना रे ट्रेसिंगचं (प्रकाशकिरणांचा हिशेब करणारं) हार्डवेअरच लागतं, १६५० वर ते चालायचेच नाहीत. तेव्हा घेशील ते ८ जीबीच्या खालचं घेऊ नकोस. सेकंडहँड आरएक्स ६६०० हे तुझ्या प्रोसेसरला झेपणारं शेवटचं शहाणं टोक, त्याला आठ लेन आहेत आणि १३२ वॅट लागतात. त्याला आठ पिनची केबल हवी. म्हणून कार्ड शोधायच्या आधी कॅबिनेट उघडून एसएमपीएसवरचं (वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं) स्टिकर वाच. मोठ्या अक्षरातले वॅट सोड, खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यापुढे किती अँपिअर लिहिलेत ते बघ, त्याला १२ ने गुण आणि येणारा आकडा मला कळव. ४५० लिहिलेल्या डब्यातून १२ व्होल्टवर २०० वॅटही निघत नाहीत असे एसएमपीएस आठवड्यातून एक तरी माझ्याकडे येतो.